बल्बच्या कपाटातला बस्ता

पिवळा बल्ब मागितला की आता दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. लोणावळ्यात एके काळी घरोघरी एका कपाटात तो पावसाळाभर जळत असे. कपडे, चामड्याच्या चपला, शाळेचे दाखले, ज्याला ज्याला बुरशी लागेल ते सगळं त्यात जायचं. आमच्या वलवणच्या घरात तसं कपाट अजून आहे, कारण ह्यांनी जाण्यापूर्वी खोकंभर बल्ब आणून ठेवले होते. नवे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत.

त्या दिवशी सकाळी जवळच्या औंढ्याहून माझ्या जुन्या ओळखीच्या लीलाबाई आल्या, धाकट्या मुलाच्या, पप्पूच्या लग्नाचा बस्ता गाठोड्यात बांधून.

"समद्या साड्यांना कुबट वास लागलाय, शालनबाई. दोन-चार दिस तुमच्या बल्बापाशी ऱ्हाऊ द्या."

गाठोडं त्यांनीच कपाटात कोंबलं आणि आम्ही चहाला बसलो. तेवढ्यात आतून अनघाची हाक आली.

अनघा माझी सून. कॉम्प्युटरवर तिची विसेक वर्षं गेली. तिची कंपनी बंगळूरची, पण ती घरूनच काम करते. मागच्या वेळी ऐन बैठकीत लाइन तुटली, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, आज अकराला परदेशी गिऱ्हाइकाला काम नीट दाखवलंत तर घरून चालू द्या, पुन्हा अडचण आली तर बंगळूरला या. ती गेली की माझा मुलगाही जाणार. मग घरात मी आणि ते कपाट.

मी आत गेले, तर मशीनच्या पडद्यावर एकच अक्षर ओळीने आपोआप उमटत होतं. पुसलं की पुन्हा.

"व्हायरस," अनघा म्हणाली. शोधला, सापडला नाही. मशीन बंद करून चालू केलं, तर पासवर्डाच्या चौकटीतही ठिपके आपले आपण भरायला लागले. मैत्रिणीला फोन लावला. दोघी भांडल्यासारख्या इंग्रजीत बोलल्या. शेवटी तिने कीबोर्डची वायरच उपटली. ठिपके चालूच. तिचा चेहरा उतरला.

"आई, बाहेरून कोणीतरी आत शिरलंय."

"कोण शिरलंय?" लीलाबाई दारातून म्हणाल्या. "मी कडी लावून आलते."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, तेव्हा पावसात तारा ओलावायच्या आणि डॉक्टरांच्या फोनवर चिक्कीची ऑर्डर यायची. आम्ही बोर्डाशी कोळशाची शेगडी ठेवायचो. मी अनघाला तेच सुचवलं. ती पुन्हा फोनकडे वळली.

मी लीलाबाईंना घेऊन बाहेर आले. त्यांना नवरीचा शालू दाखवायचा होता. त्यांनी गाठोडं काढलं.

"थांबलं," आतून आवाज आला.

शालू छान होता. गाठोडं परत कपाटात गेलं.

"सुरू झालं."

हळदीची साडी दाखवायची राहिली होती, म्हणून गाठोडं पुन्हा बाहेर.

"थांबलं."

"तुमची सून रेल्वेच्या फाटकावर बसल्यावानी काय वरडती?" लीलाबाईंनी विचारलं.

अनघा बाहेर आली. तिने गाठोड्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि गाठोड्याच्या जागेवरचा टॉवेल उचलला. खाली तिचाच जुना बिनवायरचा कीबोर्ड होता. आषाढात नवा घेतल्यावर बुरशी लागू नये म्हणून तिनेच तो तिथे निजवला होता. आत बॅटऱ्या तशाच, आणि त्याचे संदेश पकडणारं बोटाच्या पेराएवढं यंत्र मशीनच्या पाठीला तसंच खोचलेलं.

"मला इथल्या सवयी लागल्या, आई," ती खाली बसत म्हणाली.

"म्हंजे कुणी शिरलं न्हवतं," लीलाबाई म्हणाल्या. "माझा बस्ताच टायपिंग करत व्हता."

अकरा वाजत आले होते. अनघाने बॅटऱ्या काढून मुठीत धरल्या, ते छोटं यंत्रही उपटलं, आणि तरीसुद्धा आम्हाला बजावलं, "बैठक संपेपर्यंत गाठोडं कुठेही ठेवू नका. टेकवूसुद्धा नका."

दार बंद झालं. लग्नाचा बस्ता म्हणजे काय हलका असतो? आम्ही दोघींनी आळीपाळीने तो मांडीवर घेतला. एकदा लीलाबाईंनी तो स्टुलाकडे नेला, मी मान हलवली, त्यांनी परत घेतला. आतून इंग्रजी येत होतं. मग पुष्कळ वेळ काहीच येईना. मी गाठोडं आणखी घट्ट धरलं. मग कोणीतरी हसलं.

अनघा बाहेर आली. बॅटऱ्या अजून मुठीतच होत्या.

"साहेब म्हणाले, राहा तिकडेच."

लीलाबाई लगेच म्हणाल्या, "ते लय बरं झालं, पोरी. आता ह्ये ठेवू का? पाय बधिर झालाय."