चाळिसावं घर

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पोस्टातल्या बाईनं रुफीना सावेल्येव्नाच्या हातात सरकारी लिफाफा ठेवला. अभिलेखागाराचं उत्तर चार ओळींचं होतं. १८७३ साली इथं किर्गिझ मुलखात गाव बसवायला आलेल्या रशियन कुटुंबांची मूळ यादी तपासली. कुटुंबं एकोणचाळीस. त्यांत कोश्कार्योव आडनाव नाही. पान फाटलेलं नाही, शाई पुसलेली नाही.

रुफीनानं पत्र उभ्यानं दोनदा वाचलं. ती अडुसष्ट वर्षांची, एकतीस वर्षं गावाचं वाचनालय सांभाळलेली. गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून चौकात दगड बसायचा होता आणि त्यावर पहिल्या चाळीस घरांची नावं कोरायची होती. यादी करायचं काम तिच्याकडे होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ती कराकोलच्या पाथरवटाकडे पोचायला हवी होती. एकोणचाळीस नावं तिच्याजवळच्या, मूळ यादीच्या नकलेत होती. चाळिसावं तिनं स्वतः घातलं होतं: निकानोर कोश्कार्योव, तिचे पणजोबा. नक्कल करणाऱ्याची नजर चुकली असणार, हे गृहीत धरून तिनं अभिलेखागाराला मूळ यादी तपासायला लिहिलं होतं. कोश्कार्योव पहिल्या चाळिसांतले, यावर गावात कुणी वाद घालत नसे. तिच्या वडिलांनी तर त्या जोरावर गिरणीच्या रांगेत जन्मभर पहिला नंबर लावला होता. आता त्या आडनावाची गावात ती एकटीच उरली होती. मुलगा नोवोसिबिर्स्कला. दगडावर नाव गेलं नाही, तर तिच्यामागे ते इथं कुठंच राहणार नव्हतं.

ती घरी न जाता शेजारी अशीमबेककडे गेली. दोन्ही अंगणांमध्ये फाटक आहे, त्याला कडी नाही. अशीमबेक एकोणऐंशी वर्षांचा, बायको सायराकानसोबत जर्दाळूखाली चहा पीत बसला होता.

"या, पहिल्या चाळिसांतल्या बाई!"

"आज तसं म्हणू नका, आके." थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला आके म्हणायची.

"का, एक्केचाळिसावी झालीस?"

"आधी बसू तरी दे तिला," सायराकान म्हणाली. "तोंड बघ, परवाच्या नानसारखं झालंय."

रुफीनानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अशीमबेकनं वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "चहात दूध कमी पडलंय." चाळीस वर्षांच्या शेजारात रुफीनाला एवढं कळलं होतं, की हा माणूस दुधावर घसरला की काहीतरी लपवतोय.

"आके, तुम्हाला माहीत होतं."

"मला माझे सात बाप माहीत आहेत, वर सात पिढ्यांपर्यंत. तुझे तुला माहीत हवेत."

"मला तीनच माहीत आहेत."

"तेच तर. चार कमी. किर्गिझ असतीस तर लग्न जमलं नसतं तुझं."

"जे जमलं त्यानं तरी काय दिवे लावले!"

सायराकान खो खो हसली. रुफीना हसली नाही. हातातली वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "मी तामिर म्हणून मागते."

सायराकानचा चहा ओतणारा हात थांबला. अशीमबेकचे पणजोबा बायसाल आणि निकानोर एकमेकांचे तामिर होते, एवढं दोन्ही घरांना ठाऊक होतं. जातधर्म वेगळे असूनही जोडलेला भाऊ म्हणजे तामिर. त्यानं त्या नात्यानं मागितलं की नाही म्हणता येत नाही. पण मग बदल्यात समोरचाही एक गोष्ट मागू शकतो. रुफीनाच्या वडिलांनी असं एकदा वासरू मागितलं होतं, आणि घरातली लोखंडी शेगडी गमावली होती.

"बोल आता," सायराकान नवऱ्याला म्हणाली.

अशीमबेकनं हात पुसले आणि लहानपणी पाठ करून घेतलेलं म्हणायला लागला. पहिला बाप मुकाश. दुसरा दुइशो. तिसरा बायसाल: बायको बुगू टोळीची, घोडी बारा, तामिर नीकान. नीकान एकटा आला, एका घोड्यावर, गाव बसण्याच्या दोन वर्षं आधी. परवाना नव्हता. बायसालनं त्याला किझिल-बुलाकच्या कुरणात हिवाळा काढू दिला. पाच वर्षं तो तिथं जव पेरायचा आणि तिसरा हिस्सा द्यायचा. मग गावातल्या एकाची मुलगी केली आणि सासऱ्याच्या आवारात राहायला गेला.

"म्हणजे आम्ही तुमची कुळं," रुफीना म्हणाली.

"चांगली कुळं. जव चाळून द्यायचा म्हणे."

"मग इतकी वर्षं गप्प का?"

"तुझा बाप छाती काढून 'पहिले चाळीस' म्हणायचा, तेव्हा माझा बाप शेजारीच उभा असायचा. तामिरला चारचौघांत खोटं पाडतात का? आणि विचारलं कुणी?"

"मग गावात चाळीसच का म्हणतात?"

"ते मला नाही माहीत. चाळीस आकडा आम्हाला आवडतो. टोळ्यासुद्धा आमच्या चाळीस."

"आला कुठून होता?"

"जिथं डोंगर नाहीत तिथून, एवढंच म्हणाला. बायसालनं परत विचारलं नाही."

१९१६ साली झारच्या फौजेनं किर्गिझांचं बंड चिरडलं, त्याचं अशीमबेकनं काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. त्या वर्षी त्याचं घराणं खिंड ओलांडून चीनकडे पळालं आणि निम्मंच परत आलं. दोन्ही घरांत त्या वर्षाबद्दल मोठ्यानं बोलत नाहीत.

बुधवारी ती दोघं किझिल-बुलाकला गेली. झऱ्याच्या वरच्या अंगाला गवतानं भरलेला खड्डा होता. कोपऱ्यात चुलीचे काळे पडलेले दगड. रुफीनानं खड्डा पावलांनी मोजला: सात लांब, चार रुंद. वहीत टिपलं. मग काठावर बसून उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला वाटत होतं. पण वाटत नव्हतं. निकानोर आजवर नुसता एक आकडा होता. आता त्याला घोडा होता, चूल होती, आणि जव चाळून द्यायची सवय होती.

"आता माझी पाळी," अशीमबेक म्हणाला. "दगडावर पहिली घरं कोरणार ना? ती यायच्या आधी बायसालचं घर इथंच होतं. त्याचं नाव घाल."

"एकट्याचं?"

"नीकानच्या शेजारी. एका ओळीत."

"निकानोरचं नाव घालायला मला आता तोंड नाही, आके."

"तामिरला नाही म्हणतेस?"

तिनं मिठाची पुडी पुढे केली. "अंडं खा," ती म्हणाली. म्हणजे हो.

गुरुवारी तिनं यादी नव्यानं लिहिली. अभिलेखागाराप्रमाणे एकोणचाळीस. खाली रेघ मारून, वेगळं: बायसाल आणि निकानोर, १८७१ पासून. आधार: तोंडी, अशीमबेक मुकाश; बायसाल हा त्याचा तिसरा बाप. खड्ड्याची मापं सोबत.

शुक्रवारी अकरा वीसला दगड बसवणाऱ्या गावसमितीचा अध्यक्ष एमिलबेक यानं ती वाचली. तो तिला एजे, म्हणजे ताई म्हणत असे.

"रुफीना एजे, याचा कागद कुठाय?"

"कागद नाही. माणूस आहे."

"उद्या सगळं गाव आपापला माणूस घेऊन आलं तर?"

"दगड मोठा घ्या."

एमिलबेक हसला, पण सही त्यानं वरच्या एकोणचाळिसांवरच केली. खालच्या ओळीवर मत घेतलं, ते तीन विरुद्ध तीन झालं. सातवा सभासद मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात आहे. तिथं फोन लागत नाही. लोकर कातरून झाली की येईल, असं त्याची बायको सांगते.

बाराच्या आत यादी पाथरवटाकडे गेली. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यानं बावीस नावं कोरली होती. खाली वीतभर जागा कोरी ठेवायला त्याला सांगितलं आहे.