पंचेचाळीसचा आकडा

“बाय, त्या डबड्याच्या आत पन घड्याळच हाय ना? मग त्याचं घड्याळ कोन तपासतो?” रामनाथकाकांनी दिवाळीच्या आधी विचारलं होतं. क्षितिजाने हसण्यावारी नेलं. “काका, डिजिटल स्कोप आहे हा. तुमचं चावीचं घड्याळ नाही!”

काल्हेरच्या गाळ्यात दोघं दवाखान्यांचे सिरिंज पंप दुरुस्त करत. औषध हळूहळू ढकलायचं, एवढंच पंपाचं काम. त्याच्या मोटरचे ठोके स्कोपच्या पडद्यावर मोजून क्षितिजा वेगाचा स्क्रू फिरवी. इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर, घरी तीन वर्षांच्या उन्नतीला खोकल्याचं औषधही दोनदा मापून देणारी.

तरी चूक समोर दिसली होती. विजेचे सेकंदाला पन्नास ठोके. स्कोप पंचेचाळीस दाखवी. पण भिवंडीत काही बिघडलं की बोट आधी लाइटकडे जातं. त्यात लोडशेडिंग, गाळ्याला गोदामाच्या जनरेटरची वीज. तीही म्हणाली, “जनरेटर रडतोय.” विषय मिटला.

मग स्कोपच्या कंपनीकडून नव्या फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅमची, सीडी आली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, एका सेटिंगवर जुना प्रोग्रॅम वेळ चुकीची धरतो. तिने नवा भरला. तोच जनरेटर, पडद्यावर पन्नास.

ती काकांकडे वळली. “काका, जनरेटर बरोबर होता.”

“आनि पंप?”

“सगळे मी याच स्कोपवर लावलेत. जोरात धावतायत. शंभराच्या जागी एकशे अकरा.”

काका ‘मी बोललो होतो’ म्हणाले नाहीत. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. आठ पंप गेले होते. सात दवाखान्यांना फोन लागले. आठवा दवाखान्याने घरी वापरायला दिलेला, पूर्णा गावच्या ठमाबाईंच्या उशाशी. कॅन्सरच्या दुखण्यावरचं, जास्त झालं तर शुद्ध हरपवणारं औषध त्यातून जायचं. मुलाचा फोन बंद.

ती रिक्षाने पूर्ण्याला गेली. दाराला कुलूप. शेजारच्या आक्का म्हणाल्या, “परवाच लेकीकडं न्हेली, दापोड्याला. मशीन पन न्हेली. घर काय मना ठाव न्हाय गो.”

दापोड्यात तिने चार गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी एका वाण्याकडून कागद घेऊन त्याच्याच दुकानाच्या दारावर चिकटवला:

“पूर्ण्याच्या ठमाबाई इथे लेकीकडे आल्या आहेत. उशाशी औषधाचा पंप आहे. तो जास्त वेगाने चालतोय, चूक माझी आहे. घर माहीत असेल तर पंप थांबवायला सांगा, दवाखान्यात कळवा. खाली माझा नंबर आहे. पण फोन नंतर करा. आधी जाऊन बघा, हाक मारल्यावर त्या ओ देतात का.”