टिटवीचा दोर छतावर

कप्पीनं नर्मदाबाईचा पदर गिळला तेव्हा 'टिटवी' ही शिडाची बोट सिद्धेश्वर धरणाच्या ऐन मध्यावर होती. बोट वळली, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं आणि त्याला ताणून धरणारा दोर बसायच्या जागेवरून सपकन फिरला. जाताना पदराचं टोक घेऊन कप्पीत शिरला. नर्मदाबाई ओढली गेली. तिच्या नवऱ्यानं, रामकिशननं सुकाणू सोडून चाकूनं पदर कापला, म्हणून निभावलं.

काठाला लागल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "हा दोर हितून काढा."

"अगं, बोट बनवणाऱ्यानं इचार करूनच तिथं बसवला."

"त्यानं लुगडं नेसून बघितलं होतं का?"

 मुंबईतल्या एका नौका-क्लबात रामकिशननं उभी हयात दुसऱ्यांच्या शिडाच्या बोटी सांभाळल्या होत्या. नोकरी संपताना भंगारात निघालेली ही केबिनवाली बोट मागून घेतली, ट्रकवर घालून गावाकडं आणली, डागडुजी करून, परवानगी काढून धरणात सोडली. दोघांनी पाण्यावर मुक्काम करत हिंडायचं, केबिनमध्येच चहा करायचा, असा त्याचा बेत. बायको नुसती बसून राहील असं त्याला वाटलं होतं. पण नर्मदाबाईनं चार फेऱ्यांतच सुकाणू हातात घेतलं. वारं कोणत्या गालाला लागतंय यावरून ती बोट वळवायची. फक्त तो दोर आणि त्याची कप्पी जिच्यावर सरकायची ती आडवी पट्टी कायम तिच्या गुडघ्यांपुढं.

दुसऱ्या दिवशी धरणाजवळच्याच गोरेगावहून अल्लाबक्ष आला. त्याचं वेल्डिंगचं दुकान. रामकिशनचा शाळेपासूनचा दोस्त. बोट काठावर बांधून दोघांनी पट्टी उचकटली. ती आता बसायच्या जागेपुढं, केबिनच्या छतावर बसणार होती. दोर शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या टोकाऐवजी मधून खाली येणार होता.

"छत फायबरचं हाय," अल्लाबक्ष वाकून बघत म्हणाला. "नुसते बोल्ट मारले तर जोराचं वारं पट्टी उपटून नेईल."

मग आतून स्टीलची जाड पाटी लावली, बोल्ट आरपार घेतले, भोकांत पाणी झिरपू नये म्हणून राळ भरली. जुनी भोकंही बुजवली. नर्मदाबाई मधल्या मोकळ्या जागेत पाय पसरून बसली आणि खूश होऊन म्हणाली, "आता कसं वसरीवानी झालं!"

पण वाऱ्यात गेल्यावर दोर हलेना. नर्मदाबाईनं ओढला, रामकिशननं ओढला, दोघांनी मिळून ओढला. दांडा मधोमध धनुष्यासारखा वाकायला लागला. शीड फडफडत राहिलं आणि बोट वाहत वाहत बाभळींच्या बुडालेल्या खोडांकडं निघाली. कसंबसं शीड उतरवून वल्ह्यांनी परत आले.

"जोर वाढंल हे मला ठावं होतं," रामकिशन हाश्शहुश्श करत म्हणाला. "इतका वाढंल असं वाटलं न्हाई. दार बिजागरीजवळ धरून लोटल्यावानी झालं. परत पयल्या जागी लावू."

"काहून? मी न्हाई बसायची मग बोटीत."

रामकिशन रात्रभर कुशी बदलत राहिला. सकाळी उठल्या उठल्या त्यानं अल्लाबक्षला फोन लावला. "एका जागी न्हाई, तीन जागी धरू दांड्याला! आन कप्प्या वाढवू. दोर लांब ओढावा लागंल, पण हलका जाईल!"

अल्लाबक्ष दुपारच्या आत तीन कड्या आणि जादा कप्प्या घेऊन हजर. त्या बसवायच्या घाईत जेवणसुद्धा कोणी नीट केलं नाही.

चैतातलं दुपारचं वारं सुटलं होतं. पाण्यावर पांढरे तुरे उठत होते. नर्मदाबाई सुकाणूवर, रामकिशन दोराला, अल्लाबक्ष केबिनच्या दारात दोन्ही हातांनी चौकट धरून.

"ओढा!"

दोर सरसर आला. शीड भरलं, टिटवी कलली आणि पाणी कापत सुटली. अल्लाबक्षच्या तोंडावर फवारा उडाला. "या अल्ला! वहिनी, हळू!"

"हळू कशाला? आता तर मजा येऊन राहिली!"

समोर खडक दिसला. वारं पाठीमागून येत होतं. पदर गेला तेव्हाही नेमकं असंच वळायचं होतं. रामकिशननं वर पाहिलं, दोर आवळून धरला. "वळव!"

नर्मदाबाईनं सुकाणू ओढलं. दांडा धाडकन दुसऱ्या बाजूला गेला, दोर छतावरच्या छतावर सरकला, पट्टी खणखणली आणि जागची हलली नाही. खाली कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. अल्लाबक्षनं छताखाली हात घालून पाटी चाचपली. "एक नट ढिला न्हाई झाला!" तो ओरडला, आणि तिघंही लहान लेकरांसारखे हसत सुटले.

पल्याडच्या काठाला मासे धरणारे जाळं सोडून उभे राहिले. नर्मदाबाईनं त्यांना हात केला.

"दे आता इकडं सुकाणू," रामकिशन म्हणाला. "दमली असशील."

"तुमी दोर धरा," ती वाऱ्याकडं गाल करून म्हणाली. "मला अजून दोन येळा वळवून बघायचंय."