कणसं भरल्यात

नारळाची शेंडी तळहाताला टोचत होती, आणि तरी पंकजने मूठ सैल केली नाही—टोचू दे, असंच त्याला वाटत होतं. पारनेरच्या शाळेतून तो आणि त्याचे वडील, आबा, घराकडे निघाले होते. सत्काराची शाल आबांच्या खांद्यावर, नारळ त्याच्या हातात, आणि दोघांच्या मध्ये ते वाक्य… "वडील शेती करतात."

इतक्या सहज कसं निघालं तोंडातून? तासभर तो मुलांना समजावत होता—मंगळाच्या ध्रुवावर बर्फाचा जाड थर आहे, यानातून त्यावर रडारच्या लहरी सोडायच्या, काही वरूनच परततात, काही खोल जाऊन उशिरा येतात, आणि त्या उशिरा आलेल्या प्रतिध्वनीवरून खाली पाणी असेल का ते ताडायचं. यान सुटायला अजून पाच वर्षं, तोवर माझं काम कागदावरच… मग मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, वडील काय करतात? शेवटच्या बाकावर आबा बसलेले. चाळीस वर्षं लोकांच्या विहिरी खोदलेले, खडकावर पहार आपटून कान लावणारे आबा—आणि आमच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. मला त्यांची लाज वाटली. मला!

तेवढ्यावर भागलं नाही. निघताना फाटकाशी मुख्याध्यापकांनी आबांनाच गाठलं.

"काय कचरूभाऊ, बाजरी कशी आहे यंदा?"

"बरी हाय, सायेब," आबा म्हणाले. "कणसं भरल्यात."

पापणीही न हलवता. आबांना खोटं बोलताना त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"आण इकडं," म्हणत आबांनी आता नारळ घेतला, बोटाच्या पेराने टकटक केली, कानाशी हलवला. "पानी हाय." मग चालता चालता, जरा थांबून—"तिकडं बी बर्फाचा आवाज न्यारा, पान्याचा न्यारा, आसंच ना रं?"

"हो आबा. तसंच."

"मंग आमच्यावानीच की!" आणि ते मनापासून हसले.

मागे शाळेचं फाटक अजून दिसत होतं. परत जावं, सांगावं… पंकजचे पाय थांबले, पुन्हा चालू लागले. आबा रागावतील म्हणून मघापासून तो घाबरला होता. आता ते रागावणार नाहीत हे त्याला कळलं होतं, आणि एकदा तरी त्यांनी रागवावं, असं त्याला फार वाटत होतं.