जुन्यात टाका

मित्रांनो, मी पनवेलचा एक जुना लॅपटॉप आहे. तेरा वर्षांचा. डावीकडची बिजागरी टेपने बांधलेली आहे आणि 'ळ'ची कळ कधीच निखळून गेली. दया नको. माझ्या पोटात एक गोष्ट घडली आणि मला ती थांबवता आली नाही, तेवढी ऐका.

मी आलो तेव्हा माझ्यात विंडोज सात होती. दिपिकाताईंचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. आमच्याकडची पत्रिका म्हणजे अर्धी मतदारयादी. निमंत्रक, व्यवस्थापक, मामा, मावसकाका, गावकीचे पंच. एक नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येत नाही, वर दुकानात भांडायला येतो. म्हणून ताई प्रत्येक नाव तीनदा वाचायच्या. हे लक्षात ठेवा.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ताईंच्या सासूबाई, गुणाबाई, माझ्यासमोर येऊन बसत. त्या धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. लिहिता-वाचता येत नाही, पण सगळे धवले तोंडपाठ. त्या सांगत, ताई टाइप करत. गुणाबाई 'हळद'ला 'हलद' म्हणत, त्यामुळे माझ्या तुटक्या कळीवाचून काही अडलं नाही.

"आई, जरा दमानं. दोनच हात आहेत मला."

"गाना हाय तो. भाजी नाय इकत मी, थांब थांब करून."

एकदा त्यांनी माझ्यावर टिचकी मारली. "ह्यो सगला या डब्यान ऱ्हातं का?"

"राहतं आई."

"मंग बरा. माज्या डोक्याचा भरोसा नाय."

एकशे चार धवले झाले. कागदावर एकही नाही. ताई म्हणायच्या, सगळे होऊ देत, मग एकदम पुस्तकच काढू.

पुढे सातवर ऑनलाइन फॉर्म उघडेनात, म्हणून ताईंचे यजमान भावेश यांनी मला दहा नंबरची विंडोज घातली. माझ्या डिस्कचे दोन भाग केले. एकाचं नाव ठेवलं 'नवा', दुसऱ्याचं 'जुना'. दहा बसली नव्यात, धवले गेले जुन्यात. पण धवल्यांचं टाइपिंगचं सॉफ्टवेअर सातच्या काळातलं. दहावर ते उघडेचना. फाइली आहेत, वाचता येत नाहीत. "बघू नंतर" म्हणत तीन वर्षं गेली. तुमच्याकडे हा 'नंतर' फार राबतो.

मागच्या वर्षी गुणाबाईंना झटका आला. त्या चालतात, जेवतात, पण शब्द गेले. चाल गुणगुणतात आणि अडतात. तशात यंदा त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. पूर्वी तिचं नाव. ताईंनी ठरवलं की हळदीला आईंचेच धवले व्हायचे, बायकांनी कागदावर बघून म्हणायचे. त्यासाठी सात परत हवी होती. दहा न काढता, तिच्या शेजारी.

ताईंनी मला लाइन आळीत शैलेशच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. सोबत स्वतःचा नवा लॅपटॉपही ठेवला, त्याची बटणं चिकटत होती. दुपारी शैलेशने फोन लावला.

"ताई, सात कुठं टाकू? नव्यात का जुन्यात?"

"जुन्यात टाका हो. नव्याला हातसुद्धा लावू नका."

"चालेल."

ताई बोलत होत्या दोन लॅपटॉपांबद्दल. तो बोलत होता माझ्या डिस्कच्या दोन भागांबद्दल. दोघं मराठीतच बोलले, दोघांनाही एकमेकांचं कळलं असं वाटलं. एकट्या मला खरं ठाऊक होतं.

मी ओरडलो. मला ओरडता येतं, पण एकाच तऱ्हेने. पडद्यावर चौकट आणली: या भागातलं सगळं पुसलं जाईल. इंग्रजीत. शैलेशला इंग्रजी चांगलं येतं, पण वाचलं तर ना. एका हाताने तो कुणाच्या तरी मोबाइलची काच पुसत होता, दुसऱ्या हाताने त्याने 'ओके' दाबलं. ओके म्हटलं की मला करावंच लागतं, मला तसंच बनवलंय. एकशे चार धवले मीच पुसले. घोटभर पाणी प्यायला लागतो, तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

संध्याकाळी ताई आल्या. सात चालू झाली, शैलेशने परत घातलेलं टाइपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, यादी रिकामी.

"धवले कुठायत?"

"कसले धवले? जुन्यात टाका, तुम्हीच बोललात."

"मी लॅपटॉप म्हणत होते, शैलेश."

त्याने मला परत टेबलावर ओढलं. दोन दिवस त्याने माझ्या पोटात शोधाशोध केली. त्या जागेवर सातच बसली होती. हाती आले ते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. त्याच्यावर एकट्यावर खापर फोडून मोकळे होऊ नका. मामाचं नाव तीनदा वाचणारी आपली माणसं, आईच्या गाण्यांची एक प्रत कुणाला काढता आली नाही?

गुणाबाईंच्या लेकीची हळद गेल्या रविवारी झाली. मांडवात माणसापेक्षा उंच स्पीकर. गाणी वाजवायला भावेशनी मलाच आणलं आणि बटण दाबलं. हल्ली चालू होताना मी दरवेळी विचारतो, सात की दहा. उत्तराला तीस सेकंद देतो.

गुणाबाई समोर खुर्चीवर होत्या. मला बघून त्यांचं बोट वर आलं.

"डबा," त्या म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला पहिला शब्द. "डबा. डबा."

"हो आई, लावतो गाणी," भावेश म्हणाले आणि वायरी जोडत राहिले.

वीस सेकंद उरले. दहा. पाच. सातच्या बटणाला कुणी हात लावला नाही, आणि लावला असता तरी आत काय होतं? मी आपोआप दहात गेलो. स्पीकर वाजले. गुणाबाईंचे ओठ हलत होते, ते मला दिसलं.

मित्रांनो, माझी चौकट वाचत जा. मला दुसरं ओरडता येत नाही.