मधली खोली वगळून

अंडेवाल्यांनी आमच्या घराची किंमत सांगितली तेव्हा आईने त्यांच्या हातातला चहाचा कप जवळजवळ काढूनच घेतला. "एवढ्यात नुसत्या भिंती येतात," ती म्हणाली, "छप्पर काय तुम्ही तुमचं आणणार?" अंड्यांचा घाऊक धंदा करून करून सगळ्याच गोष्टी हळू हाताळायची त्यांना सवय लागली असावी; खुर्चीसुद्धा त्यांनी जणू ती तडकेल अशा बेताने मागे सरकवली, आणि जाता जाता प्रत्येक भिंतीवर बोटाने टकटक करून, कान लावून, निघून गेले.

घर चार खोल्यांचं, चारही दारं एकाच लांब व्हरांड्यात उघडणारी. ताईला सातवा महिना लागला होता, तिच्याच इमारतीत आम्हाला फ्लॅट मिळत होता, पण महिन्याभरात हे घर विकलं तरच. आणि बाबांनी जाहीर करून टाकलं होतं की मधल्या खोलीतून ते हलणार नाहीत. त्या खोलीत ते वजनकाटे दुरुस्त करायचे, तिथेच जेवायचे आणि तिथेच आडवे व्हायचे.

"नातवंड बघायला तरी याल की नाही?" आई विचारायची.

"इकडे आणा. ग्रॅमपर्यंत वजन करून देतो."

चार दिवसांनी अंडेवाले परत आले. "तुमची किंमत मान्य आहे," ते म्हणाले, "पण त्या किमतीत मला चार खोल्या झेपायच्या नाहीत. तीन द्या."

"आणि चौथी? ती काय मी डोक्यावर घेऊन जाऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा, वहिनी. मधली वगळा. तसंही काका हलणार नाही म्हणतात."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आतून बाबा ओरडले, "सौदा पक्का! माणूस समजूतदार आहे!"

मी झेरॉक्सच्या दुकानात करारनामे टाइप करतो. 'मधली खोली वगळून' हे तीन शब्द मीच टाइप केले, तेही ठळक अक्षरांत, आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरीला वाचून दाखवून चहा मिळवला. आईचा हिशोब सरळ होता: कागदावर काहीही लिहा, घर रिकामं झालं की माणूस दोन दिवसांत कंटाळून बाहेर येतो. बाबांचा हिशोबही सरळ होता: आपली खोली विकलेलीच नाही. अंडेवाल्यांचा हिशोब कुणी विचारलाच नाही.

कराराआधी मोजणीवाला आला. फितीचं एक टोक धरायला मी होतो. बाहेरची खोली बारा फूट, झोपायची बारा, स्वयंपाकघर बारा. मग त्याने बाहेरून अख्खा व्हरांडा मोजला आणि छत्तीस लिहिले.

"मधली राहिली," मी म्हणालो.

त्याने कागदाकडे बघितलं. "राहिली कुठे? बेरीज जुळतेय की."

"अहो, पण ती दहा फूट आहे. मी त्या खोलीतच लहानाचा मोठा झालोय."

"असेल," तो म्हणाला, आणि फीत गुंडाळून गेला. मधल्या खोलीचं दार उघडं होतं, बाबा आत कानस घासत बसले होते, आणि मी त्या दारात उभा राहून डाव्या हाताला बाहेरची खोली संपते ती भिंत आणि उजव्या हाताला झोपायची खोली सुरू होते ती भिंत बराच वेळ बघत होतो; मध्ये जागा होती, भरपूर होती. मोजणीवाल्याने काहीतरी गडबड केली असणार असं मी ठरवलं. आईला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, फुकटची खोली मिळतेय, गप्प बस.

बाबांनी सही आपल्या टेबलावरच केली, कारकुनाला घरी बोलावून. मग आई, अंडेवाले आणि मी कचेरीत जाऊन शिक्का मारून आलो. दुपारी परतलो तेव्हा टेम्पो दारात उभा होता, आणि व्हरांड्यात तीन दारं होती.

आई तीन वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पहिल्या आणि दुसऱ्या दाराच्या मधली भिंत जुनीच होती, रंग उडालेली. तिच्या आतून कानस घासल्याचा आवाज येत होता.

"बाबा!" मी भिंतीला तोंड लावून हाक मारली. "बाहेर या!"

कानस थांबली. "येतो की," बाबा म्हणाले. "दार कुठे ठेवलंत?"

आई सरळ अंडेवाल्यांकडे गेली. ते टेम्पोमागे उभे राहून आपले रिकामे ट्रे मोजत होते.

"मधली पण घ्या," ती म्हणाली. "तशीच घ्या. वर काही देऊ नका."

"नको, वहिनी. मी सामान तीन खोल्यांचं आणलंय."

"मग किंमत कमी करते."

"खोली जास्त आणि किंमत कमी? लोक मला लुटारू म्हणतील."

आई एकेक पायरी खाली येत गेली. भाजी घेतानासुद्धा मी तिला कधी हरताना बघितलं नव्हतं. जी किंमत ऐकून तिने त्यांचा कप काढून घेतला होता तिथे ती आली, आणि तिच्याही खाली गेली. भिंतीच्या आतून आता काहीच आवाज येत नव्हता. शेवटी अंडेवाल्यांनी सुस्कारा सोडला.

"ठीक आहे. पण आहे तसं. नंतर तक्रार चालणार नाही."

मी दुकानात पळत जाऊन नवीन कागद टाइप करून आणला. 'मधल्या खोलीसह.' या वेळी कुणाला वाचून दाखवला नाही. उपड्या ट्रेवर कागद ठेवून आईने सही केली, अंडेवाल्यांनी केली. बाबांच्या नावापुढची जागा मी त्यांना दाखवली.

"त्यांची सही आता लागणार नाही," ते हळूच म्हणाले.

आम्ही वळलो तेव्हा दार होतं. कडी वाजली, आणि बाबा हात पुसत बाहेर आले. आई धावली आणि दोन पावलांवर थांबली, कारण बाबा हसले होते. दारात आलेल्या परक्या माणसांकडे बघून सभ्य माणूस जसा हसतो तसं.

"या, या," ते म्हणाले. "घर बघायला आलात ना? बरेच लोक येतात. पण हे विकायचं नाहीये."

मी तोंड उघडलं, तर आईने माझं मनगट घट्ट धरलं. बाबांनी आम्हाला बसायला पायरी हाताने झटकून दिली. आई त्या पायरीच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखी बसली.

लग्न झाल्यापासून आईने बाबांना कधी नावाने हाक मारली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "लगेच नाही म्हणू नका. आपण बोलून तरी बघू."

ते 'अहो' घरातलं होतं की बाहेरचं, ते मला कळलं नाही.