ठिपक्यांच्या छापखान्यातला टचस्क्रीन

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, हा बिचारा कधीचाच बंद पडलाय. चेहरा काळाकुट्ट, त्यावर भोकं पाडलेला पत्रा, कडेला तेलकट हातांचे डाग. पण मी बंद नाही. मी एक म्हातारा टचस्क्रीन आहे आणि आज सकाळपासून कामावर आहे. परवाच एका शहाण्या माणसाने मला भंगारात काढायचा बेत केला होता. ते सांगेनच. पण म्हाताऱ्यांची गोष्ट मधूनच ऐकून कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या बायका डोक्याला जाळीची टोपी घालून काम करायच्या. त्यांनी माझ्या पाठीत नाजूक तारा बसवल्या, वरून एक मऊसर पातळ पडदा ताणला आणि मागे दिवा लावला. पहिल्यांदा माझा चेहरा उजळला तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखे आपणच! एक गोष्ट मात्र माझ्यात जन्मापासूनची आहे. मला नुसतं शिवलेलं कळत नाही. बोटाने नीट दाबलं, तरच मी हलतो.

दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी एक काचेचा टचस्क्रीन होता. चकचकीत, मोठा, बोट टेकायचा अवकाश की हुकूम पाळणारा. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडेच वळायचं. मी मनातल्या मनात जळायचो, खोटं कशाला सांगू?

एके दिवशी दोघं जण आले. एक होते सर. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल लिपीतली पुस्तकं छापणाऱ्या एका लहानशा छापखान्याचे ते प्रमुख. दुसरी होती मशीनचे विजेचे पॅनेल बांधून देणारी ताई. तिच्या खिशाला टेस्टर अडकवलेला असायचा आणि तोंडात सतत प्रश्न. छापखान्यातल्या दाबयंत्राचं जुनं पॅनेल थकलं होतं. त्याच्यासाठी त्यांना एक कंट्रोलर हवा होता, म्हणजे मशीनने कशानंतर काय करायचं ते लक्षात ठेवणारी पेटी. आणि तिच्याशी बोलायला एक टचस्क्रीन.

सरांचा जीव काचेवाल्यावर जडला. कंट्रोलरही त्यांना सगळ्यात मोठा हवा होता.

"अहो सर, काम केवढं, डोकं केवढं!" ताई हसून म्हणाली. "मशीनकडून आत किती खुणा येतात, बाहेर किती हुकूम जातात, तेवढं मोजायचं. वर चार-दोन जागा मोकळ्या ठेवायच्या, उद्या काही सुचलं तर. हा छोटा पुरे."

"आणि स्क्रीन?"

"तुमच्याकडे कागदाची धूळ, मशीनचं तेल. काच नको. हा घ्या. दिसायला बेताचा आहे, पण दणकट आहे."

दिसायला बेताचा! माझं तोंड एवढंसं झालं. पण निवड झाली ती माझीच. त्या छोट्या कंट्रोलरला मी तेव्हापासून दादा म्हणतो. ते पॅनेलच्या आत बसून विचार करतात आणि मी दारावर बसून मिरवतो, अशी आमची वाटणी ठरली.

छापखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला जाड कागदांच्या चळती, मधोमध दाबयंत्र, खिडकीपाशी बांधणीचं टेबल. ठिपके उमटवलेल्या पत्र्याच्या घडीत कागद सरकवायचा, दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी दाबायची, की यंत्र कागद दाबतं आणि त्यावर ठिपके उठतात. हे यंत्र कैक वर्षं मावशी चालवत होत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, अगदी त्यांच्याहून मोठे सरसुद्धा.

मला दारावर बसवलं, दिवा लागला आणि मी ऐटीत उजळलो. एका पानावर रंगीत बटणं, दुसऱ्यावर आकडे, तिसऱ्यावर सूचना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "या मावशी, पहिलं पान तुमच्या हातचं!"

मावशी पुढे आल्या. त्यांनी हात वर केला. जिथे पूर्वी यंत्र सुरू करायचे, दाब बदलायचे खटके होते, तिथे त्यांची बोटं फिरली. वर, खाली, पुन्हा वर. सगळीकडे मी होतो, गुळगुळीत.

"माझे खटके कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, मावशींना दिसत नाही. जन्मापासूनच नाही. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, हे त्या खोलीत सगळे विसरले होते! दृष्टिहीनांसाठी पुस्तकं छापणारी माणसं, पण मावशी इतक्या सहज वावरत, आल्यागेल्याला पाण्याचा पेला अचूक हातात देत, की कोणाच्या लक्षातच आलं नाही. ताईने धूळ विचारली, तेल विचारलं, वीज किती वेळा जाते ते विचारलं. मशीन चालवणाऱ्या मावशींना विचारायचं, तेवढंच राहिलं.

भरीला भर म्हणजे जुन्या पॅनेलच्या आतले खटके यंत्राबरोबर आपोआप टकटक वाजायचे. त्या आवाजावरून मावशींना कळायचं की यंत्र आता उघडलं, आता मिटलं. आमचे दादा पडले मौनी. सगळं गुपचूप करायचे.

ताई आधीच दुसऱ्या गावच्या कामाला लागली होती. जोडणी करायला तिने माणसं पाठवली होती. जुनं पॅनेल मोडीत गेलं होतं. छापायची पुस्तकं मात्र अडून होती. शेवटी सर मावशींजवळ जाऊन बसले. "मावशी, तुम्ही काही दिवस बांधणीच्या टेबलावर बसता का? तेवढाच आरामही मिळेल."

"बरंच झालं की," मावशी हसल्या. "उभं राहून राहून पायांचे खांब झाले होते."

हसल्या खऱ्या. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या यंत्रापाशी आल्या आणि त्याच्या लोखंडी पाठीवर कितीतरी वेळ तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मी समोर लखलखत होतो आणि मला माझ्या त्या उजेडाची लाज वाटत होती. यांचं काम आपण हिरावून घेतलं, हेच मनात येत राहिलं.

यंत्रावर एक नवा माणूस आला. मेहनती होता, माझ्याकडे बघून सगळं नीट करायचा. पण कागदावर ठिपका दिसला की त्याला वाटायचं, झालं काम. खिडकीपाशी पानं जुळवताना मावशींची बोटं मात्र मध्येच थांबायची.

"हे पान मुकं आहे रे," त्या म्हणायच्या. "ठिपका दिसत असेल, पण बोटाशी बोलत नाही. पोरं कशी वाचणार?"

दाब थोडा वाढवायला हवा होता. तो वाढवायचं बटण माझ्या दुसऱ्या पानावर होतं आणि मावशी तिथवर पोचू शकत नव्हत्या. बाजूला काढलेल्या पानांचा ढीग वाढत चालला. सरांच्या कपाळावरच्या आठ्याही वाढल्या.

दुसरीकडचं काम आटोपून ताई एकदा सहज डोकावली. मावशींनी नेहमीसारखा पाण्याचा पेला पुढे केला.

"मावशी, तुम्ही इथे कशा? मशीन सोडलंत?"

"मी नाही गं सोडलं. तुझ्या नव्या जावयाने मला ओळखच दिली नाही," मावशी माझ्या दिशेने हात करून म्हणाल्या.

ताईने पेला तसाच खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला. "सगळं विचारलं मी," ती पुटपुटली. "तुम्हालाच नाही विचारलं."

"मग आता विचार."

आणि ताईने विचारलं. दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मावशींनी माझ्यावरून हळूच बोट फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी काहीच केलं नाही. मघाशी सांगितलं ना, नुसतं शिवलेलं मला कळत नाही. एकदम ताई ओरडली, "अहो, हे तर बरंच आहे! काचेवाला घेतला असता तर नुसतं चाचपडतानाच दहा बटणं दाबली गेली असती. याच्यावरून बोट खुशाल फिरवा. सापडलं की मग दाबा."

पुढचं काम दोघींनी मिळून केलं. ताईने माझी तीन पानं मोडून एकच केलं. बटणं कमी, मोठी आणि कायम एकाच जागी. मावशींनी ठिपके उठवायचा एक कोरा पत्रा घेतला. त्यात बटणांच्या जागी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाशेजारी ब्रेलमध्ये नाव उठवलं: दाब वाढवा, दाब कमी, प्रती, सुरू. सरांना आकडे दिसावेत म्हणून पत्र्यात वर एक छोटी खिडकी ठेवली. दादांच्या त्या मोकळ्या ठेवलेल्या जागाही कामी आल्या. तिथे एक घंटी जोडली. यंत्र उघडलं की एक ठोका, कागद संपला की दोन. आमच्या मौनी दादांना वाचा फुटली!

तो पत्रा माझ्यावर बसवला तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. एवढा हौसेचा चेहरा, आणि तो झाकायचा? पण मावशींचं बोट भोकातून अचूक आत आलं आणि त्यांनी दाबलं, तसं यंत्र जागं झालं. मग त्यांनी दोन्ही हातांनी कडेची बटणं दाबली आणि पान बाहेर आलं. मावशींनी त्यावर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "बोलतंय!" त्या क्षणी मी माझा चेहरा विसरलो.

नवा माणूस बांधणीकडे गेला आणि तिथे छान रमला. मावशी यंत्रावर परतल्या. वर्षं गेली. किती पुस्तकं आमच्या हाताखालून गेली, मोजली नाहीत. मी म्हातारा झालो. एक दिवस माझ्या पाठीमागचा दिवा फडफडला आणि विझला. मी घाबरलो. आता आपलं संपलं. पण सकाळी मावशी आल्या, बोट भोकातून आत आलं, मी दाब ओळखला, घंटी वाजली. दिवा गेल्याचं कोणाच्या गावीही नव्हतं! सरांनीही त्या खिडकीत डोकावणं कधीचंच सोडलं होतं.

परवा मोटर तपासायला एक कारागीर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, स्क्रीन मेलाय की हा! मशीन बंद ठेवलंय वाटतं?"

तेवढ्यात मावशींनी बटण दाबलं आणि यंत्र चालू लागलं. कारागीर बघतच राहिला. सरही चष्मा काढून माझ्याजवळ आले. "कधी गेला दिवा, मावशी?"

"मला काय ठाऊक?" मावशी म्हणाल्या. "मला कधी दिसत होता?"

"बदलून टाका," कारागीर म्हणाला. "हल्ली काचेचे झकास मिळतात. हा भंगारात द्या."

माझा जीव टांगणीला लागला. सर उत्तर द्यायला निघाले, आणि थांबले. मग ते मावशींकडे वळले. "मावशी, तुम्ही सांगा. काय करू या?"

मावशींनी माझ्यावरच्या पत्र्यावरून बोटं फिरवली. "दिसणंच गेलंय ना त्याचं?" त्या म्हणाल्या. "काम तर येतंय. मग राहू दे की त्याला इथेच, माझ्याजवळ."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माणसांसाठी यंत्रं निवडाल. निवडण्याआधी एकदा विचारा, याला हात कोणाचा लागणार आहे? आणि ज्याचा दिवा गेलाय, त्याला लगेच टाकून देऊ नका. आधी जरा दाबून बघा. आता निघतो. दोन ठोके पडलेत, कागद संपलाय, आणि मावशींचं बोट मला शोधत येतंय.